पाचाचे पंचेचाळीस

धाटावच्या आमच्या कंपनीत मोडेम आला तेव्हा तो असा किंचाळायचा की कुंडलिकेतले मासे रोहा सोडून डोंगरात राहायला गेले. खोटं वाटत असेल तर माशांना विचारा. त्या मोडेमवर एक टर्मिनल प्रोग्राम चालायचा, तो आम्हाला मुंबईच्या हेड ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरशी जोडायचा. पेणच्या गोडाऊनमध्येही तोच प्रोग्राम. तिथली ऑपरेटर रोज दुपारी ड्रमची मागणी टाइप करून मुंबईला पाठवायची, मुंबईहून ती धाटावला माझ्यापुढे छापून यायची, की मी ट्रक भरायचो.

ती पेणजवळच्या मिठागरवाल्यांची मुलगी. टायपिंगला बसली की बोटं दिसायची नाहीत, नुसता वारा लागायचा. सहा महिन्यांची टेम्पररी होती आणि महिनाअखेर पर्मनंट होणार होती. पंख्याखाली बसून पगार घेणारं तिच्या घरातलं ते पहिलंच माणूस.

एक दिवस तिची मागणी आली, पंचेचाळीस ड्रम. मी पाठवले. गोडाऊन भरलं, उरलेले रस्त्यावर. लगेच तिचा फोन.

"दादा, मी पाच मागवलं, तू पंचेचालीस कशाला धाडलंस?"

"तूच लिहिलंयस गो."

"नाय रे! माझ्या पडद्यावर अजून पाचच हाय. ये नि बघ."

आठवड्यात असं तीनदा झालं. हेड ऑफिसातून तिला मेमो आला. मग मी पेणला जाऊन तिच्या मागे उभा राहिलो. तिने चुकून चार दाबला, खोडला, पाच दाबला. पडद्यावर पाच. मुंबईला फोन लावून विचारलं, तर तिकडे पंचेचाळीस! प्रोग्राम पडद्यावरचा आकडा खोडायचा, पण खोडल्याचं मुंबईला कळवायचाच नाही. माझ्या हे कधी लक्षात आलं नाही, कारण मी एका बोटाने टाइप करायचो, दोन अक्षरांमध्ये चहा होऊन जायचा. खोडायची वेळच यायची नाही. चूक सुधारणारी तेवढी सापडली.

प्रोग्राम लिहिणाऱ्या साहेबांना मुंबईला फोन केला.

"आमच्याकडे तर चालतंय," ते म्हणाले. "फॉर्म भरून पाठवा."

फॉर्मवर 'दोष कुठे?' म्हणून तीनच चौकटी होत्या: यंत्र, टेलिफोन, ऑपरेटर. प्रोग्रामला चौकटच नव्हती. यंत्रावर खूण केली तर मेकॅनिक येईल, टेलिफोनवर केली तर लाइनमन येईल आणि खांब बघून जाईल. मी हुशारी केली. निदान चौकशी तिच्याकडे तरी होईल म्हणून 'ऑपरेटर'वर खूण केली, आणि मागच्या कोऱ्या बाजूला सगळी हकीकत पानभर लिहिली.

फॉर्म दोन प्रतींत होता. मधे कार्बन. कार्बनला पुढची बाजू कळते, मागची नाही. मूळ प्रत प्रोग्रामवाल्या साहेबांकडे गेली, कार्बनप्रत पर्सोनेल खात्याकडे.

पंधरा दिवसांनी फ्लॉपी आली, सोबत चिठ्ठी: 'एक ओळ चुकली होती. आभारी आहे.' मी एसटीने पेण गाठलं, जवळजवळ ड्रायव्हरच्या मांडीवर बसून. तिच्या खुर्चीत नवा माणूस होता, त्याच सकाळी हजर झालेला. फ्लॉपी घातली. त्याने चार दाबला, खोडला, पाच दाबला. मुंबईत पाच.

पुढचे पंधरा दिवस मी पर्सोनेलच्या साहेबांना फोनवर समजावत होतो. ते शांतपणे ऐकायचे.

"अहो, पण ती गेल्यापासून एक चूक नाही," ते शेवटी म्हणाले. "तुमचाच फॉर्म बरोबर होता."

"साहेब, फ्लॉपी त्याच दिवशी घातली!"

"तेच म्हणतोय मी. त्याच दिवसापासून."

मग मी तिच्या घरी गेलो. ती दारात मिठाच्या गोणी शिवत होती. सगळं सांगितलं, फॉर्म सोडून.

"आता नीट चालतंय ना?" तिने विचारलं.

"चालतंय."

"मंग मला काढल्याच्या कागदात लिवलेला तो फॉर्म कोनी भरला, दादा?"

"हेड ऑफिसातल्याच कोणीतरी," मी म्हणालो.

"व्हय, तिकडचीच असली कामं," ती म्हणाली आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी तो प्यायलो.