कडी मी लावली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — तुमच्या आईलाही नाही, प्रार्थनेतही नाही. देवाला ठाऊकच आहे, अशी सबब काढून त्यालाही सांगायचं टाळत आले.

तुमचे आजोबा गेले त्या उन्हाळ्यात आपल्या गेवराईच्या घरावर दुसरा मजला चढत होता. डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं होतं. पण प्रार्थनेला येणारे एक बंधू म्हणाले — विश्वास धरा, हे बरे होतील, नव्या मजल्यावर राहतील. फक्त घरात मरणाचा शब्द नको. मला तेच ऐकायचं होतं. रविवारच्या शाळेत मुलांना स्वर्ग शिकवणारी मी — माझ्याच घरात तो शब्द मला का सोसवेना?

आजोबांनी प्रभुभोजन मागितलं — येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, जाण्याआधी शेवटचा. ते देणं म्हणजे मरण कबूल करणं, म्हणून मी चर्चच्या पाळकसाहेबांना दारातूनच परत पाठवलं. आजोबा हसले. "तुला वरच्या मजल्याचं लई कौतुक. म्या त्याच्याबी वर चाललोय." जन्मभर शुद्ध बोललेला माणूस — शेवटी त्यांच्या गावची, तेलगावची बोली परत आली होती.

शेवटच्या दुपारी घरात आम्ही दोघंच. गवंडी जेवायला गेलेले. अंगणातल्या लिंबाचं पानही हलत नव्हतं.

"शांते, माय आलीय. दारात उभी हाय. आत ये म्हण की तिला."

त्यांची आई आमच्या लग्नाआधीच वारलेली.

मी पाहिलं. दिसलं काही नाही — पण ऐकू आलं. काचेच्या बांगड्या, अगदी उंबऱ्याशी. कुणी पदर सावरत उभं असावं तशा. थांबल्या. पुन्हा वाजल्या.

"तुलाबी ऐकू येतंय न्हवं?"

"नाही. कुणी नाही तिथे." मी उठले, दार लोटलं आणि कडी लावली. लावताना पलीकडून — कसं सांगू? — कुणीतरी दारावर तळहात ठेवला. ढकललं नाही. नुसता ठेवला.

"मग म्या एकटाच जाऊ का?" आजोबांनी विचारलं.

"तुम्ही कुठेही जायचं नाही," मी म्हणाले.

त्यानंतर ते बोलले नाहीत.

संध्याकाळी मंडळी जमली. कसे गेले, सगळ्यांनी विचारलं. गीत गात गेले, असं मी सांगितलं. तेच पाळकसाहेबांनी मातीच्या वेळी सांगितलं, तेच तुमची आई सांगते, आणि तुम्हीही तुमच्या तिकडच्या चर्चमध्ये सांगितलंत म्हणे.

ते गात नव्हते. बंद दाराकडे बघत, माझा हात आवळून, घाबरून गेले. जन्मभर ज्या घराची वाट पाहिली, तिथे जाताना घाबरले — आणि ते भय त्यांना मी दिलं.