पाय धुण्याचा कार्यक्रम

त्या संस्थेबद्दल चार चांगले शब्द लिहा असं कुणी सांगितलं तर मी लिहिणार नाही. त्यांनी माझ्या नातीची फी भरली, हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण फी भरली म्हणून गोड बोलायचं हे मला जमत नाही, आणि या वयात शिकायचंही नाही. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो. लिहायला वेळ लागतो. तेवढा वेळ माझ्याकडे आहे.

माझ्या लेकीला नवऱ्यानं टाकलं आणि ती मुळशीत, आमच्या चांद्याला माघारी आली, तेव्हा नात आठवीत होती. जमीन आम्ही भावाभावांनी कंपन्या यायच्या आधीच विकली होती. आता तिथं ज्या इमारती उभ्या आहेत त्यांच्याकडं मी मान वर करून बघत नाही. लेक हिंजवडीत एका मेसमध्ये चपात्या लाटते. नातीच्या डोक्यात एकच, नर्स व्हायचं. तीन वर्षांचं शिक्षण, आणि फी आमच्या आवाक्यातली नव्हती. मग कॉलेजातल्या बाईंनी तिला या संस्थेकडं पाठवलं.

आधी संस्थेच्या दोन ताया घर बघायला आल्या. घरात काय बघायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी छताकडं बघितलं, फ्रिजकडं बघितलं. एकीनं विचारलं, "घरात कुणाला व्यसन आहे का?" मी डबी काढली, तंबाखू मळली, त्यांच्यासमोर तोंडात टाकली आणि म्हणालो, "लिवा."

आतून लेक ओरडली, "आबा!"

तरी पोरीला स्कॉलरशिप मिळाली. दर वर्षी नव्यानं द्यायची, असा त्यांचा नियम. फीबरोबर संस्कारही मिळत होते, ते घ्यावेच लागत. रविवारी सकाळी वर्ग असायचा. पहिल्या रविवारी ती आली तेव्हा मी विचारलं, "काय शिकिवलं?"

"नेहमी खरं बोलावं."

"आन् आजवर काय बोलत हुतीस?"

"आबा, ऐकून तरी घ्या. रोज आईच्या डोळ्यात बघून तिला थँक्यू म्हणायचं, असं सांगितलंय."

त्या रात्री लेक मेसवरून आली, दारातच पाय पसरून बसली. पोरगी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, थँक्यू."

लेक म्हणाली, "काय पायजे तुला?"

मला त्यांच्या संस्कारांचा राग आला तो असा हळूहळू. आमची पोर आमच्याकडं रिकामी होती आणि रविवारी रविवारी हे लोक तिला भरत होते, असं त्यांचं बोलणं. तिनं आठवीपासून विहिरीचं पाणी काढलंय, आजी अंथरुणाला होती तेव्हा तिचं सगळं केलंय. ते कुणी शिकवलं? पण त्याला प्रमाणपत्र नाही.

पहिलं वर्ष संपत आलं आणि तिथल्या सरांचा फोन आला. वर्ग घेणारे तेच, मुलांना व्याख्यान देणारेही तेच. म्हणाले, "आजोबा, आपला कृतज्ञता सोहळा आहे. मुलं आईवडिलांचे पाय धुतात. फार हृद्य असतं. पालक हवेतच. पुढच्या वर्षीचा चेक त्याच स्टेजवर देतो आपण."

"पोरीला बाप न्हाई. हाय, पण न्हाई."

"म्हणून तर तुम्ही या. नात तुमचे पाय धुवेल."

मी म्हणालो, "सर, आमच्याकडं नवरात्रात कुमारिकेचे पाय म्हातारी माणसं धुत्यात. तिचे मी धुतलेत. ती माझे धुणार न्हाई."

"ही भावना किती सुंदर आहे!" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आपण नाही म्हणावं आणि समोरच्यानं त्याचं कौतुक करावं, याच्याएवढी चीड आणणारी गोष्ट नाही.

पाय धुण्याचं मला कुणी सांगू नये. लेकीच्या लग्नात मी जावयाचे पाय धुतले. पितळी परातीत. बायकोनं पाणी घातलं, मी दोन्ही हातांनी चोळले, उपरण्यानं पुसले. त्या पायांनी तो कुठं गेला ते सगळ्या चांद्याला ठाऊक आहे. पाय धुवून घेणारा वर बसतो आणि धुणारा खाली, एवढं मला त्या दिवशी कळलं. माझी नात चार लोकांत कुणाच्या खाली बसलेली मला चालणार नव्हती. माझ्यासुद्धा.

पोरीनं तोडगा काढला. "तुमी वर बसू नका. आई बसेल. तुमी खाली लोकांत बसा. फक्त गप बसा. चेक हातात पडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

"बरं," मी म्हणालो.

भुकूमचं एक मंगल कार्यालय घेतलं होतं. नवरानवरीच्या सोफ्याच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन दोनच्या जोडीनं. आईची एक, बापाची एक. प्रत्येक जोडीपुढं स्टीलची परात, तांब्या, घडी घातलेला नॅपकिन. माझी लेक ठेवणीतली साडी नेसून एका खुर्चीवर बसली होती. शेजारची खुर्ची रिकामी. अशा आणखी दोनतीन खुर्च्या होत्या.

मग दिवे मंद केले, बासरी लावली. सर कानाला माइक अडकवून आले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बाळांनो, डोळे मिटा. विचार करा, उद्या सकाळी उठलात आणि तुमची आई या जगात नाही."

माझी लेक तिथं जिवंत बसून पदरानं घाम पुसत होती आणि हा माणूस तिला मारून मोकळा झाला होता. पोरं रडायला लागली. एक रडलं की दुसरं, कालवडी हंबरल्यागत. व्हिडिओवाला जो जास्त रडेल त्याच्याजवळ कॅमेरा नेत होता. माझी नात डोळे मिटून कोरडी उभी होती. तिच्यापुढं तो थांबला, वाट बघितली आणि निघून गेला. मला बरं वाटलं.

शेजारची बाई मला म्हणाली, "आमची बघा कशी रडतीया."

"का? कुणी मारलं का तिला?"

बाईनं खुर्ची लांब सरकवली. पण मी मोठ्यानं बोललो नव्हतो, दिलेला शब्द पाळला होता.

आणि तेवढ्यात सर म्हणाले, "ज्यांचे वडील आज इथे नाहीत, त्यांनी खुर्ची रिकामी आहे असं समजू नये. आपल्या संस्थेचे आधारस्तंभ, आपले साहेब, आज या लेकरांचे वडील होणार आहेत!"

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतले साहेब उठले. देणगी देणारे तेच, पांढरा शर्ट, चेहऱ्यानं बरा माणूस. स्टेजवर जाऊन त्यांनी बूट काढले, एक मोजा काढला, आणि माझ्या लेकीच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

लेकराचा बाप म्हणजे त्या लेकराच्या आईचा कोण? एवढ्या शिकलेल्या लोकांत एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. मुळशीतली माणसं खाली बसली होती, ती काय बघत होती ते मला दिसत होतं. माझ्या लेकीनं खांद्यावरून पदर ओढून घेतला आणि खुर्चीच्या दुसऱ्या कडेला सरकली. आणखी सरकली असती तर पडली असती.

मी उठलो. पायऱ्या चढून वर गेलो, चपलांसकट.

"उठा," मी साहेबांना म्हणालो.

"आजोबा?"

"ही जागा भरलेली हाय. उठा."

सर धावत आले. "आजोबा, सोहळा चालू आहे, आपण कृपया खाली..."

"ही माझी लेक हाय. तिच्या शेजारी कोण बसणार ते मी ठरिवणार. तुमी न्हाई."

सरांच्या कानाचा माइक चालूच होता. सगळ्या कार्यालयानं ऐकलं. बासरी तेवढी वाजत राहिली.

"आबा, हळू," लेक म्हणाली.

साहेब मोजा हातात घेऊन उभे राहिले. "सॉरी काका. माझ्या लक्षातच आलं नाही." ते खरंच असणार. लक्षातच येत नाही, माझं भांडण तेच आहे.

मी बसलो. नातीनं परात ओढली, आधी आईचे पाय धुतले, पुसले. मग माझ्यापुढं सरकली.

"चप्पल काढा."

"न्हाई. मी खुर्चीपुरता बसलोय."

ती खाली वाकूनच बोलत होती, ओठ फार न हलवता. "आबा, त्यांनी पाय पुढं केले होते. मी धुतले असते. आत्तापर्यंत झालं पण असतं."

"परक्या माणसाचे?"

"वॉर्डात रोज कुणाचे धुते मी? परक्यांचंच सगळं धुते. काय काय धुते ते सांगू का हितं? मला चेक घेऊन घरी जायचंय. तुमच्या ताठ्यावर फी भरता येत नाही."

मला वाटत होतं की मी तिची लाज राखायला वर आलोय. तिला लाज वाटतच नव्हती. ती आपलं काम उरकत होती, आणि त्या कामात अडचण होती ती मीच. साहेब नव्हते, सर नव्हते.

मी चपला काढल्या.

बाकीची पोरं दोन थेंब पाणी घालून फुलं वाहत होती. हिनं माझा पाय परातीत घेतला, बोटांच्या मधून बोट फिरवलं, टाच वर करून उजेडात धरली. "हे कधी चिरलं?"

"असंल कधीतरी."

"साखर तपासायची आहे तुमची. मंगळवारी चला." आणि नॅपकिननं बोटांची बेचकी कोरडी केली, एकेक. व्हिडिओवाला आता गुडघ्यावर बसून आमच्याकडं कॅमेरा रोखून होता. लोक टाळ्या वाजवायला लागले. कशाला वाजवत होते कुणास ठाऊक.

चेक मिळाला. सरांनी खाली येऊन माझे दोन्ही हात धरले. "आजोबा, आजच्या सोहळ्याचा कळस तुम्ही केलात." डोळे भरलेले त्यांचे. मी हात सोडवून घेतले. मसालेभात होता, जिलबी होती, मी तिथलं पाणीही प्यायलो नाही. लेक जेवली. येताना बसमध्ये ती एकदम म्हणाली, "मोजा हातातच राहिला त्यांच्या," आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मीही हसलो.

नात म्हणाली, "हसू नका दोघं. पुढच्या वर्षी परत जायचंय."

नंतर त्यांनी पुस्तिका छापली. वरच माझा फोटो, पाय परातीत. खाली मजकूर, की संस्कारांच्या स्पर्शानं एका हट्टी आजोबांचं मन वितळलं. माझं काही वितळलं नाही. मी सरांना फोन लावायला घेतला तर पोरीनं हातातून मोबाइल काढून घेतला. "छापू दे त्यांना. तिसऱ्या वर्षाची फी राहिलीय."

त्या फीचा कार्यक्रम या रविवारी आहे. यावेळी मी आधीच फोन केला, पोरगी कॉलेजला गेली असताना. सरांना सांगितलं, लेकीच्या शेजारच्या खुर्चीत पहिल्यापासून मी बसणार, साहेबांना दुसरीकडं बसवा. बाकीच्या बायांच्या शेजारीही त्यांना बसवू नका, त्या बायांना पण भाऊ, बाप असतील, त्यांना बोलवा. सर म्हणाले, "तुम्ही स्वतःहून येताय, याचा आम्हाला आनंद आहे."

"आनंदासाठी येत न्हाई," मी म्हणालो. "आन् डोळे मिटणार न्हाई."

काल संध्याकाळी नात नेलकटर घेऊन ओट्यावर माझ्यापुढं बसली. कॅमेरा जवळ येतो म्हणाली, नखं बघा कशी झालीत. मी पाय पुढं केला. अंगठ्याचं नख जाड झालंय, तिला जोर लावावा लागत होता, आणि ती मला शिव्या घालत होती.