डोळे मिटून तपासलेला दोर

झाडं छाटणाऱ्या त्या दोन भावांतल्या थोरल्याला सगळेच दादा म्हणत, त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. तरुणपणी तो असा काही झाडावर चढायचा की खालच्यांच्या माना अवघडून जायच्या. आता चढायचा तो धाकटा. दादाच्या वाट्याला शेड आली होती. यंत्राच्या करवतींच्या साखळ्यांना कानस लावायची, त्यांच्या हवा गाळायच्या जाळ्यांतला भुसा झटकायचा, कमरपट्ट्यांची शिवण बघायची, आणि सगळ्यांत मानाचं काम म्हणजे चढायचा दोर तपासायचा.

त्याची रीत ठरलेली होती. सकाळी शेडच्या दारात स्टुलावर बसायचं, डोळे मिटायचे आणि अख्खा दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत उघड्या बोटांतून सोडायचा. चिखल लागला की डाग कुठला आणि काप कुठला ते डोळ्यांना कळत नाही, असं त्याचं म्हणणं. वीण उसवली असेल, आतला गाभा मऊ पडला असेल, तिथे बोटं आपसूक थांबत. दोर चांगला निघाला की टोकाला लाल दोरा बांधायचा. त्यानंतर चढणाऱ्याने तो पुन्हा बघायचा नाही. बघितला तर तपासणाऱ्याचा अपमान. हा नियम खुद्द दादाने केला होता, आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवताना त्याची छाती अजून फुगायची.

आणि त्याच्या बोटांतली जाण गेली होती.

एका दिवसात नाही गेली. जन्मभर थरथरत्या करवती हातात धरल्या, त्याची वसुली करवतींनी सावकाश केली. आधी गारठ्यात बोटं पांढरी पडत, मग मुंग्या येत, पुढे मुंग्याही येईनाशा झाल्या. शर्टाची बटणं बायको लावून देऊ लागली. एकदा त्याने चहाचं उकळतं पातेलं फडक्याशिवाय उतरवलं आणि शांतपणे ओट्यावर ठेवलं. बायको त्या हाताकडे बघतच राहिली.

"भाऊजींना सांगून टाका," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"हातांचं. वर त्यांचा जीव टांगलेला असतो."

"मी बघतो ना रोज. तू तुझं बघ."

सांगितलं तर काय होईल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोर हातातून जाईल, आणि मग शेडमध्ये झाडू मारायला राहायचं. आपण भावाच्या जिवाशी खेळतोय हे कळत होतं, आणि कळूनसवरून तो रोज डोळे मिटून बसत होता. माणूस वाईट नव्हता. पण लोकांनी दादा म्हणावं असं त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि ते सोडायची छाती त्याला होत नव्हती.

त्या दिवशी एका शाळेच्या आवारातलं वाळकं झाड उतरवायचं होतं. दादा ट्रकमध्ये पुढे बसला, धाकटा मागे सामानाजवळ. पूर्वी दोराची गाठ दादा आपल्या हाताने धाकट्याच्या पट्ट्याला मारून द्यायचा. हल्ली धाकटा ट्रकच्या मागेच पट्टा आवळून, दोर अडकवून तयार होऊन यायचा. 'तुला कशाला त्रास' म्हणत त्याने ते काम कधी काढून घेतलं, हे दादाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

धाकटा वर गेला. थोड्या वेळाने वरून हाक आली, "दादा, साखळी बोथट झाली रे," आणि करवत दोरीला बांधून खाली आली. कानस आणायला दादा ट्रकच्या मागे गेला. पोती बाजूला केली, तर खाली दोर. टोकाला लाल दोरा, सकाळी त्यानेच दाताने ओढून आवळलेला.

त्याने वर बघितलं. धाकटा दुसऱ्याच, नव्या दोरावर लोंबकळत होता.

दादाचं डोकं फिरलं. बोटांचं त्याला कुणी सांगितलं, ते विचारायची गरज नव्हती. घरात बटणं लावून देणारी एकच होती. म्हणजे दोघांनी मिळून ठरवलं, आणि लहान पोराला खेळायला रिकामी भांडी द्यावीत तसा रोज सकाळी त्याच्या हातात दोर दिला. दोघांचाही त्याला संताप संताप झाला.

त्या तिरमिरीत त्याने दोर उन्हात ओढला आणि डोळे उघडे ठेवून हात-हातभर बघत गेला. मधल्या भागात काप होता. वीण तिरकी फाटलेली, आतला पांढरा गाभा बाहेर डोकावत होता. त्याने बोट ठेवलं. काही लागलं नाही. डोळे मिटून तोच भाग पुन्हा बोटांतून सोडला. दोर सुरळीत निघून गेला.

आता राग ठेवायलाही जागा उरली नाही.

बाद दोराचे तुकडे तपासणाऱ्यानेच करायचे, हाही त्याचाच नियम. धाकटा खाली उतरून ट्रकमागे आला तेव्हा दादा जमिनीवर फतकल मारून सुऱ्याने दोर कापत बसला होता. धाकट्याचा चेहरा उतरला.

"केव्हापासून?" दादाने मान वर न करता विचारलं.

"गारठा पडायला लागला तेव्हापासून. वहिनी रडत आली होती."

"आणि मला रोज स्टुलावर बसवत होतास."

"मी कुठं बसवत होतो? तू बसत होतास." धाकट्याचा आवाज चढला नाही. "रोज सकाळी मी दारात उभा राहायचो, दादा. वाटायचं, आज म्हणशील, 'बाबा रे, वर जाऊ नकोस, मला हाताला काही कळेना झालंय.' आणि तू रोज लाल दोरा बांधून दोर माझ्या हातात द्यायचास."

भाऊ आपल्याला फसवतोय एवढंच मघापासून दादाच्या डोक्यात होतं. आपण रोज त्याला मरायला वर पाठवत होतो, आणि तो ते रोज उभा राहून बघत होता, हे आता डोक्यात शिरलं.

"साखळीला कानस लावलीस का?" धाकट्याने विचारलं.

"नाही."

धाकट्याने करवत मांडीवर घेतली आणि अंगठ्याने एकेक दात चाचपत स्वतःच धार लावायला बसला. दादा तुकडे पोत्यात भरू लागला. टोकाचा लाल दोरा तेवढा त्याला सोडवून घ्यायचा होता. बोटांना गाठ सुटेना, म्हणून त्याने ती दातात धरली.