रानमांजर आणि पाकट

बिरदेव धनगराची रानमांजराशी जन्माची ओळख होती. इंदापूरच्या माळावर नखं आत ओढून, पाऊल न वाजवता ते बोरीच्या झुडपाआडून यायचं आणि दोन दिवसांच्या कोकराचा अंदाज घ्यायचं. बिरदेव काठी घेऊन धावला की पळायचं. दोघंही एकमेकांना पुरते ओळखून होते.

१९३४ साली दिवाळीनंतर तो धाकटा भाऊ सिद्धू याच्याबरोबर कळप घेऊन नेहमीसारखा कोकणात उतरला. ओहोटीच्या वेळी खाडीचं पाणी किती आहे हे बघायला तो पुढं झाला आणि चिखलात त्याचा पाय कशावर तरी पडला. भाकरीसारखं चपटं, मऊ. लगेच घोट्यात आग शिरली.

काठावरच्या बानूबाई कोळणीनं त्याचा पाय कढत पाण्यात धरला. तो पाकट मासा होता, असं तिनं सांगितलं. वाळूत अंग पुरून पडतो, डोळे वर, तोंड पोटाखाली, शेपटीवर विषारी दातेरी काटा. त्याची मादी मांजरीसारखी जिवंत पिलं घालते, पण पाजत नाही. पिलं जन्मताच आपल्या वाटेनं जातात.

काट्याचा तुकडा आतच राहिला. महिनाभर पाय नासत गेला. जीव वाचला, पण घोटा कायमचा आखडला. पुढच्या वर्षी सिद्धू एकटाच कळप घेऊन गेला. बिरदेवापाशी तीन मेंढ्या राहिल्या.

फाल्गुनात भर दुपारी रानमांजर अंगणात आलं. बिरदेव उठायला धडपडला आणि पडला. मांजरानं त्याच्याकडं पाहिलं, नुकत्याच जन्मलेल्या कोकराची मान धरली आणि चालत निघून गेलं. पळालंसुद्धा नाही.

पाणी घेऊन आलेली बायको, सारजा, मांजराला शिव्या देऊ लागली.

"त्याला नावं ठिवू नगं," बिरदेव म्हणाला. "त्याला भूक हाय, पिलं असत्याल. त्या माशाला माझं कायबी नगं हुतं. मी पाय दिला, त्यानं मारलं."

"मग राग कुणावर धरायचा?"

बिरदेवानं आखडलेला पाय हातानं उचलून सावलीत घेतला.

उरलेल्या मेंढ्या त्यानं सिद्धूच्या कळपात घातल्या. सारजा दुसऱ्यांच्या वांग्याच्या रानात खुरपायला जाऊ लागली. दिवाळीनंतर कळप निघाला तेव्हा मेंढ्यांवर भंडारा उधळायला सिद्धूनं थोरल्या भावाला हाक मारली. बिरदेव जागा होता. त्यानं भिंतीकडं तोंड केलं.