जाईबाईंची चाळण

राजाराम आमचा भिंतीचा शेजारी. मधली भिंत एकच. त्यांच्या घरात लसूण सोलला तरी मला कळायचं, आणि मला कळलं की गल्लीला कळायचं. माणूस मापाचा. माधवनगरच्या एका वर्कशॉपात फिटर होता. ते बंद पडलं तरी खिशातली टेप काही सुटली नाही. मी म्हणायचो, "राजाराम, लग्नात हार घालायच्या आधी वहिनींचा गळा मोजला होतास का रं?" तो नुसता हसायचा. जाईबाईच आतून ओरडायच्या, "मोजलाच हुता! तरी दोन बोटं ढिला झाला!"

जाईबाई हळदीच्या गिरणीत पूड चाळायच्या. दिवसभर हातात चाळण, तोंडाला पदर. संध्याकाळी घरी यायच्या तेव्हा पापण्यासुद्धा पिवळ्या. "नवरी आली!" म्हणून मी चिडवायचो. चौऱ्याण्णव साली त्यांना खोकला लागला. तो भिंतीतून ऐकू यायला लागल्यावर माझी चेष्टा कमी झाली.

राजारामनं मनावर घेतलं, की हिचं तोंड त्या धुळीतून बाहेर काढायचं. मोटरवर हलणारी छोटी, बंद चाळण करायची. पूड घरी आणायची, तो चाळणार, जाईबाईंनी बाहेर ओट्यावर बसून पिशव्यांना टाके घालायचे. पत्र्याची चौकट, चार स्प्रिंगा, घट्ट झाकण, सगळं त्यानं हातानं केलं. राहिली मोटर. घरात वीज सिंगल फेजची, तेव्हा मोटरही त्यावर चालणारी हवी.

दुकान लालासाहेबांच्या ओळखीचं. लालासाहेब म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणारे, फौजेतून परतलेले, ऊसवाले. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर, आणि तो आकडा ते पदवीसारखा सांगायचे. ते निघाले, फुकटच्या चहासाठी मीही निघालो.

दुकानदारानं पहिलंच विचारलं, "चाळणीचं वजन किती? पूड धरून सांगा."

"अठरा किलो," राजाराम म्हणाला. तो वजन करूनच आला होता.

दुकानदारानं जेवणाच्या डब्याएवढी मोटर समोर ठेवली. दोन्ही टोकांच्या टोप्या काढून आतली वजनं दाखवली. वजनं एकाच अंगाला जड. फिरली की अख्खी मोटर थरथरते, आणि तिच्याबरोबर चाळण. "बंद अंगाची आहे, पूड आत शिरत नाही. दिवसभर चालवा."

"किती हॉर्सपॉवर?" लालासाहेबांनी विचारलं.

"पावसुद्धा नाही."

"आरं गड्या राजाराम, ह्यो डबा हाय डबा! ह्यात भाकरी बांधून ने!" लालासाहेब गडगडून हसले. "मोठी घे. बायकोसाठी घेतोयास आन् हात आखडतोस व्हय?"

दुकानातली माणसंही हसली. आमच्याकडे मोटर म्हणजे विहिरीवरची. जितके घोडे तितकं पाणी. राजारामनं त्या डब्यावर एकदा हात फिरवला आणि खाली मान घालून म्हणाला, "मोठी द्या."

"हादरा लय बसंल हां," दुकानदार म्हणाला. पण पावती फाटली होती, मोटर बांधूनही झाली होती.

दुसऱ्या दिवशी मोटर सुरू झाली आणि माझ्या फडताळातले देव नाचायला लागले. मी भिंत बडवून ओरडलो, "राजाराम, आरती तरी म्हण रं!" उत्तराला पत्रा फाटल्याचा आवाज आला.

पूड जाळीवर टेकतच नव्हती, नुसती उसळत होती. झाकणाच्या खिट्ट्या तुटल्या, झाकण उडालं, खोली पिवळी झाली. राजाराम चौकट दाबून बसलेला. जाईबाई बटण बंद करायला आत धावल्या. आम्ही दोघांना बाहेर ओढलं. तो शिंकत उठला. त्या उठल्या नाहीत. रिक्षात घालून मिरजेला नेलं.

जाईबाई दवाखान्यात असतानाच राजाराम एकटा जाऊन मोटर बदलून आला. तोच डबा आणला. दोन्ही टोकांची वजनं सारखी लावली, हादरा आधी कमी ठेवला, मग जरा जास्त, पूड जाळीवर पसरून सरकायला लागेपर्यंत. चाळण चालू झालेली मला, शेजारी असून, कळलीच नाही. त्यानं पांढरा रुमाल झाकणाच्या कडेनं फिरवला. स्वच्छ. "आता आणतो तिला," म्हणाला.

रुमाल घेऊनच तो डॉक्टरांकडे गेला. त्यांनी रुमाल बघितला, सगळं ऐकून घेतलं, आणि मान हलवली. "फुप्फुसं आता कसलीच पूड सोसणार नाहीत. झाकण असो-नसो. हळद असलेल्या घरात त्यांना नेऊ नका."

चाळण विट्याच्या एका मसालेवाल्याकडे गेली. राजारामनं भांडी, फळ्या, बाबासाहेबांची तसबीर, सगळं धुऊन काढलं. भिंतींवरची पूड काही सुटेना, म्हणून त्यानं चुना कालवला आणि कुंचा मारला.

हळदीला चुना लागला की काय होतं ते आमच्या गल्लीतल्या पोरीबाळींनाही ठाऊक आहे. कुंकू असंच करतात. वाळता वाळता सगळी खोली लाल झाली. राजाराम कुंचा धरून मधोमध उभा.

जाईबाई आल्या, उंबऱ्यातच थांबल्या. घर बुद्धाचं, त्यांच्या कपाळाला कधी कुंकू नव्हतं. भिंतींकडे बघून हसल्या. "आवं, माझ्या कपाळाला न्हाई ते भितीला लावलंसा व्हय?"

हसण्याचा खोकला झाला, तो राजारामनं पाठ चोळली तरी थांबेना.

भादव्यात त्या गेल्या. राजारामनं त्या भिंतींना पुन्हा कुंचा लावला नाही.