शीड सुटलं तो गुरुवार

आफ्के माझ्या दुकानात पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या काखेत जुन्या शिडाच्या कापडाची गुंडाळी होती. ती तिने टेबलावर आदळली नि म्हणाली, "याची झोळी शिवून दे. दोन्ही बाजूंना मुठी हव्यात. नवरा झोपेत पलंगावरून पडतो."

"लहान आहे का?" मी गमतीने विचारलं.

"शंभर किलोचा आहे. आणि चालतो अर्धाच."

मला हसावं की नको ते कळेना. तीच हसली, तेव्हा मीही हसले. इन्जिरलीकोयच्या मरीनात, म्हणजे शिडाच्या बोटींच्या बंदरात, मी शिडं शिवते. वडील शिवायचे, आता मी. ऑक्टोबर लागला की ग्रीसकडून, सायप्रसकडून बोटी परत येतात नि एप्रिलपर्यंत धक्क्याला बांधलेल्या राहतात. बऱ्याच बोटींचे मालक कुलूप लावून आपापल्या देशी जातात. चाळीसेक बोटींत मात्र माणसं राहतात. कपडे दोरीवर वाळत घालतात, रविवारी धक्क्यावर चूल पेटवून एकत्र जेवतात, आणि रोज सकाळी नऊला रेडिओवर एकमेकांची हजेरी घेतात. आफ्के आणि शूर्द त्यांच्यातलेच, हॉलंडच्या उत्तरेकडचे. ती तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटायची, तो कालव्यांतून मालाच्या बोटी चालवायचा. निवृत्त झाल्यावर घर विकून त्यांनी 'ग्रुट्टो' घेतली. लोखंडी, हिरवी, बसकट बोट. आमच्याकडे तो त्यांचा चौथा हिवाळा होता.

त्या ऑगस्टमध्ये शूर्दला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. राहिला एकच शब्द, 'उद्या'. भूक लागली तरी उद्या, राग आला तरी उद्या. "शूर्ददादा, चहा घेणार?" असं विचारलं की "उद्या!" म्हणून डावा हात पुढे करायचा आणि पेला घ्यायचा. आत सगळं शाबूत होतं, फक्त दार अडकलं होतं.

मुलगी निन्के रोज फोन करायची, बाबांना घेऊन परत ये म्हणून. धक्क्यावरही कुजबुज होती. कुणी म्हणे हा हट्ट आहे, कुणी म्हणे बाईला एकटीला जमणार नाही, एक दिवस दोघं पाण्यात जातील. आफ्के कुणाला उत्तर द्यायची नाही. मला एकदा म्हणाली, "बोटीत जिथे हात टाकशील तिथे धरायला काहीतरी असतं. तिकडच्या इस्पितळात त्याला नुसत्या गुळगुळीत भिंती मिळतील." त्याला धुणं, भरवणं, उठवणं, चालवणं, सगळं ती एकटी करायची. दुपारी तो झोपला की माझ्या दुकानात येऊन पंधरा मिनिटं गप्प बसायची. मी मशीन चालवत राहायचे.

ग्रुट्टोच्या डावीकडे रूडिगरची 'आल्बाट्रोस' होती. तो म्युनिकचा. बोट चकाचक, आणि माणूस चिडका. नोव्हेंबरात त्याच्या बोटीवरचा एक दोर वाऱ्याने डोलकाठीवर आपटत होता. शूर्दला झोप येईना, म्हणून आफ्के त्या बोटीवर चढून दोर बांधून आली. रूडिगरने ते पाहिलं. "माझ्या बोटीवर पाय ठेवायचा नाही! कुणाचाच नाही!" असं साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल असं ओरडला आणि ऑफिसात लेखी तक्रार दिली. ऑफिसने आफ्केला ताकीद दिली: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या बोटीवर पुन्हा चढलात तर मरीना सोडावा लागेल. तिने तो कागद घडी करून मसाल्याच्या डब्यांमागे ठेवला.

रूडिगर घरी निघाला त्या दिवशी मी त्याला म्हटलं होतं, "पुढचं शीड उतरवून जा. मी ठेवते दुकानात. हिवाळ्यात वारा त्याला सोडवतो."

"मी ते तीन वेळा गुंडाळून बांधलंय."

"इथला दक्षिणेचा वारा, लोदोस, चार वेळा सोडतो," मी म्हटलं. तो हसला. मीही पुढे बोलले नाही. गिऱ्हाईक आहे, कोण वाद घालणार. हे माझ्या मनाला अजून लागतं.

फेब्रुवारीतला गुरुवार होता. सकाळी रेडिओवर सांगितलं की दक्षिणेचा वारा दुपारी जोर धरेल, सगळ्यांनी दोर दुप्पट करा. दहापर्यंत आभाळ पितळी झालं. अकराला संत्र्यांच्या बागांतली पानं धक्क्यापर्यंत उडत आली. बारा वाजता बंदराच्या भिंतीवरून लाटा आत फुटू लागल्या आणि मरीनाचे धक्के सांभाळणारा नेवझात आपल्या माणसांना घेऊन पलीकडच्या टोकाला धावला. तिथे एक तरंगता धक्काच तुटला होता, त्यावर सहा बोटी होत्या.

साडेबाराला मला आवाज आला. मला वाटलं कुणी बंदूक झाडतंय. एक, मग दुसरा, मग थांबेचना. मी दुकानाबाहेर आले. आल्बाट्रोसचं पुढचं शीड सुटलं होतं.

वाऱ्यात शीड सुटणं म्हणजे काय हे आधी सांगते. बोट मागून धक्क्याला बांधलेली असते आणि पुढून एका दोराने समुद्रतळाच्या साखळीला. शीड गुंडाळलेलं असतं तोवर ती नुसती डोलते. शीड भरलं की ती चालायला बघते, आणि जायला जागा नसते. आल्बाट्रोस उजवीकडे लवंडून ग्रुट्टोवर रेलली होती. मधले रबरी फुगे फटाफट फुटत होते. तिचा पुढचा दोर तुटला असता तर ती ग्रुट्टोवर आणि ग्रुट्टो पुढच्या अकरा बोटींवर गेली असती. आणि ग्रुट्टोच्या पोटात शूर्द होता.

मी पळत गेले. आफ्के ग्रुट्टोच्या मागच्या बाजूला उभी होती, केस तोंडावर चिकटलेले, हातात पाव कापायची सुरी. धक्क्यावर यायची फळी लाटेबरोबर हातभर वर जाऊन आपटत होती.

"आफ्केताई, आधी शूर्ददादाला बाहेर काढू!" मी ओरडले.

"कसं? या फळीवरून? चार माणसं लागतील!"

"नेवझातला बोलावते!"

"तीनदा बोलावलं मी रेडिओवर. तो म्हणतो अर्धा तास. अर्धा तास आहे का आपल्याकडे?"

तेवढ्यात आल्बाट्रोसने ग्रुट्टोला अशी धडक दिली की आतली भांडी कोसळल्याचं मला धक्क्यावर ऐकू आलं. मी लाट खाली जाण्याची वाट पाहिली, उडी मारली आणि ग्रुट्टोवर गुडघ्यांवर पडले.

"तू कशाला आलीस, वेडे?"

"शीड उतरवायला. ते माझं काम आहे. तू कुठे चाललीस?"

"ज्या दोराने ते ताणलंय तो सोडायला. चरखीवर अडकलाय, इथून दिसतोय मला. सुटला नाही तर कापते." मग तिने त्या बोटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आणि त्या बाबाचा कागद गेला खड्ड्यात."

ती कठड्यावरून आल्बाट्रोसवर गेली. मी मागोमाग. बोट इतकी कलली होती की आम्ही रांगत होतो. शीड आमच्या डोक्यावर ढोलासारखं तट्ट फुगलेलं. आफ्केने चरखीवरचा दोर ओढून पाहिला, लाथेने ढकलून पाहिला. वेढ्यावर वेढा बसून तो आवळला होता. तिने सुरी लावली.

"उद्या!"

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. ग्रुट्टोच्या जिन्याच्या तोंडातून शूर्दचं डोकं वर आलं होतं. एका हाताने स्वतःला ओढत तो पाच पायऱ्या चढला होता. कपाळातून रक्त वाहत होतं.

"उद्या! उद्या!"

"आत जा!" आफ्के किंचाळली. "शूर्द, आत जा, पडशील!"

तो जाईना. डावा हात त्याने सरळ वर धरला होता, पंजा उघडा. डोळे आमच्याकडे नव्हते, भिंतीपलीकडच्या पाण्याकडे होते. मला वाटलं तो घाबरलाय, बायकोला परत बोलावतोय. पण आफ्केने सुरी दोरावरून उचलली.

"थांब म्हणतोय," ती म्हणाली. "वाऱ्याचा झोत चालू आहे. आत्ता कापलं तर ही बोट उसळून उलट्या बाजूला पडेल आणि आपल्याला फेकून देईल. गुलिझार, तू त्याच्या हाताकडे बघ. मी सुरीकडे बघते. हात खाली आला की सांग."

मी डोलकाठीच्या बुंध्याला मिठी मारली. शीड वर चढवायचा दोर तिथेच होता. नजर मात्र त्या हातावर. किती वेळ गेला मला माहीत नाही. कुठेतरी पत्रा उडाला. आल्बाट्रोसच्या पुढच्या दोरातून करकर आवाज येऊ लागला, धागा धागा सुटताना येतो तसा. तो आवाज मी दुकानात हजारदा ऐकलाय.

"ताई, दोर चाललाय!"

"हात?"

"वरच आहे!"

"मग थांब!"

तिचा आवाज शांत होता. टपाल द्यायला दारात उभी असावी तसा.

झोताखाली काळा पडलेला पाण्याचा पट्टा पुढे सरकला. वारा श्वास घ्यावा तसा क्षणभर खाली बसला. शूर्दचा हात खाली आला.

"आता!"

तिने सुरी ओढली. तीन फटक्यांत दोर तुटला आणि सापासारखा सरसरत पुढे गेला. बोट हळूहळू, अगदी शहाण्यासारखी, सरळ झाली. पण शीड आता मोकळं होऊन फडफडू लागलं, आणि त्याच्या कोपऱ्याला बांधलेले दोर डोक्याच्या उंचीवर आसूडासारखे फिरायला लागले. मी वरचा दोर सोडला. शीड दोन हात खाली आलं नि अडलं. मी लोंबकळले तरी हलेना.

"वाक!" म्हणत आफ्के माझ्याजवळ आली आणि दोघींनी कापड धरून खाली ओढलं. आणखी हातभर आलं. पुन्हा ओढलं. एकदम सगळं सुटलं आणि आमच्या अंगावर कोसळलं. कोसळतानाच एका दोराची गाठ तिच्या उजव्या मनगटावर बसली. काडी मोडल्यासारखा आवाज झाला. तिने शिवी दिली, मग शिडावर पालथी पडून राहिली, त्याने पुन्हा वारा भरून घेऊ नये म्हणून. मीही पडले. आम्ही दोघी तशाच होतो, नेवझात येईपर्यंत.

नेवझात आला तो ओरडतच. "दोन बायका! दोन बायका आणि एक पावाची सुरी! मला बुडवायचंय का तुम्हाला?" मग त्याने आफ्केचा हात पाहिला नि खाली बसला. शूर्दला चौघांनी उचलून पलंगावर नेलं. त्याच्या कपाळाला दोन टाके पडले. आल्बाट्रोसचा पुढचा दोर नेवझातने दुसऱ्या दिवशी मला दाखवला. तीन पिळांपैकी एक उरला होता.

ऑफिसात नेवझातने सांगितलं, त्या बाईला आपणच रेडिओवरून बोटीवर चढायला सांगितलं होतं. हे खोटं होतं. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि विषय मिटवला.

दवाखान्यात आफ्केच्या हाताला प्लास्टर घालत होते तेव्हा मी बाहेर बसले होते. ती आली, शेजारी बसली. 

"दुखतंय?"

"नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "गुलिझार, तो हात वर होता ना, तेव्हा मी सुरीकडे बघत होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी त्याचा विचार करत नव्हते. पडला का, खाल्लं का, कूस बदलली का. नुसता दोर आणि सुरी. आणि मला बरं वाटत होतं." तिने प्लास्टरवरून बोट फिरवलं. "वाऱ्याची नाही भीती वाटली मला. याची वाटली."

 मी तिचा चांगला हात धरला. माझी आई नऊ वर्षं अंथरुणाला होती. मलाही असं कधी वाटलं होतं, पण मी कुणाला सांगितलं नव्हतं. ते मी तिला तिथे सांगितलं.

निन्के दोन दिवसांनी विमानाने आली, दोघांना घेऊन जायच्या तयारीने. ऑगस्टपासून सांगतेय मी, असं ती आईला म्हणाली. आई म्हणाली, "मला सहा आठवडे हात नाही. तुझे दे. मग बोलू." मायलेकींची भांडणं धक्क्यावर ऐकू यायची. निन्के वडिलांना उचलायला शिकली, झोळीच्या मुठी धरायला शिकली, आणि 'उद्या' कुठल्या सुरात म्हणजे पाणी आणि कुठल्या सुरात म्हणजे रेडिओ बंद कर, हेही. धक्क्यावरच्या बायकांनी डब्यांची पाळी लावली. आधी कुजबुजणाऱ्याच पुढे होत्या.

मार्चमध्ये रूडिगर आला. फाटकं शीड घेऊन माझ्या दुकानात उभा राहिला. "दोर कुणी कापला?"

"आफ्केने. शीड मी उतरवलं. दोघींचीही तक्रार द्या."

तो शिडावरून हात फिरवत राहिला. "तू मी निघतानाच सांगितलं होतंस," एवढंच बोलला.

तो ग्रुट्टोपाशी गेला. आफ्के बाजारात होती, शूर्द एकटाच उन्हात बसला होता. रूडिगरने माफी मागायचं सुरू केलं, तर शूर्द म्हणाला, "उद्या." बिचारा दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. पुन्हा "उद्या." तिसऱ्या दिवशी आला तेव्हा आफ्के बोटीवर होती. तिला सगळं कळलं तेव्हा ती इतकी हसली की प्लास्टरचा हात पोटाशी धरून खाली बसली. मग कॉफी झाली. फार प्रेम जमलं असं नाही. पण त्याच्या बोटीची किल्ली तेव्हापासून ग्रुट्टोत असते.

निन्के त्यांना घेऊन गेली नाही. आईशी तिचं एक ठरलं: वर्षातून दोनदा ती येऊन वडिलांपाशी राहणार आणि त्या दिवसांत आफ्केने बोटीवर थांबायचं नाही. मे महिन्यात निन्के आली तेव्हा कुणाचीतरी बोट सायप्रसच्या गिर्नेला पोचवायची होती, माणूस हवा होता. आफ्के गेली. जाताना चार सूचना दिल्या, धक्क्यावरून परत येऊन आणखी तीन दिल्या. निन्के म्हणाली, "आई, जा आता."

पाचव्या दिवशी ती परत आली, नाक सोललेलं, आवाज बसलेला. शूर्दच्या शेजारी बसून तिने राजम्याची भाजी दोनदा वाढून घेतली आणि जेवता जेवता त्याला लाटांबद्दल सांगू लागली. तो ऐकत होता. मध्येच डाव्या हाताने टेबलावर वाऱ्याची दिशा काढून दाखवत होता, आणि ती म्हणत होती, "नाही रे, तिकडून नव्हता. ऐक तरी आधी."