जावेचा चौथा भाऊ

माझ्या धाकट्या जावेला तीन भाऊ. मला एकही नाही. आम्ही दोघी बहिणीच, त्यात बहीणही लांब दिलेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची माझी कुरकूर कुठून येते ते कळेल.

ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. लग्न होऊन आर्णीजवळच्या या गावात आले तेव्हापासून मी तेच करत आले आहे. दिवेलागणीला पश्चिमेकडे बीजेची कोर दिसते न दिसते, तोच ताट घेऊन अंगणात पळायचं, निरांजन फिरवायचं आणि कोर बुडायच्या आत घरात यायचं. चंद्र पाटावर बसत नाही, करंजी खात नाही, कशी आहेस म्हणून विचारत नाही. जाऊ मात्र पिशवी भरून झरी जामणीकडच्या माहेरी जायची आणि तीन साड्या घेऊन परतायची. तिन्ही मला दाखवायची, घड्या उलगडून, पदर खांद्यावर टाकून. मी चांगल्या आहेत म्हणायचे आणि घरात येऊन भांडी आपटायचे.

मग सरदारजी आले.

सोयाबीनच्या कापणीला आमच्याकडे आता पंजाबातून हार्वेस्टर येतात. हे सरदारजी तरनतारन जिल्ह्यातले. पांढरी दाढी, निळी पगडी, सोबत मशीनवरची दोन माणसं. मशीन उभं करायला मोकळं अंगण लागतं. दिराची नि आमची वाटणी झाली तेव्हा मधे कमरेएवढी भिंत घातली होती. कडुलिंब माझ्या बाजूला आला, मोकळी जागा तिच्या. साहजिकच मशीन तिच्याकडे गेलं आणि मशीनमागोमाग सरदारजीही.

त्या दिवाळीला जाऊ माहेरी गेली नाही. "सोयाबीन उभं हाय, कशी जाऊ ताई?" म्हणाली. भाऊबीजेच्या संध्याकाळी तिनं सरदारजींनाच पाटावर बसवलं. भावानं उघड्या डोक्यानं बसायचं नाही, ही सवय हातात इतकी मुरलेली की तिनं दिराची टोपी आणली आणि सरळ पगडीवर ठेवली! सगळे हसले, सर्वांत मोठ्यानं सरदारजी. कुंकवाचं बोट पुढे झालं तेव्हा त्यांनी हात जोडले. "टीका नहीं बहनजी, बाकी सब करो." तिनं ते बोट पाटाच्या कडेला पुसलं आणि ओवाळलं. मी ताट घेऊन भिंतीशी उभी राहून हे सगळं बघत होते. बघता बघता माझी कोर बुडून गेली. त्या वर्षी माझ्याकडून कुणालाच ओवाळणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ह्यांना म्हटलं, लिंब तोडून टाका, मशीनपुरती जागा होईल.

"काहून? बिमार पडली का तू?" ते म्हणाले. लिंब तोडला नाही. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तीन भाऊ असलेल्या बाईनं चौथाही घ्यावा, याला काय म्हणायचं? पुढच्या वर्षी सरदारजींनी तिला फुलकारीची ओढणी आणली. लालभडक, रेशमानं गच्च भरलेली. ती ओढणी ती साडीवर पांघरून हळदीकुंकवाला गेली. मी डोकं दुखतं म्हणून घरी राहिले.

ओढणीपेक्षा जास्त मला त्या गोष्टी झोंबायच्या. काम आटोपलं की सरदारजी तिच्या बाजेवर बसून आपल्या जिल्ह्याचं सांगत आणि ती गहू निवडत ऐके. मी भिंतीच्या अलीकडे उगाच अंगण झाडत राही. त्यांच्याकडे गुरूंनी खणून घेतलेला तलाव आहे, एवढा मोठा की पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही. तिथल्या लंगरात कोण कुठला हे न विचारता सगळे एका रांगेत जेवतात. सतलज आणि बियास त्यांच्याच जिल्ह्यात एकमेकींना मिळतात. काहींची शेतं सरहद्दीच्या तारेपलीकडे आहेत. सकाळी फाटक उघडलं की आपल्याच शेतात जायला कार्ड दाखवायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं.

मलाही वाटलं, आपणही काही सांगावं. एकदा भिंतीवरून म्हटलं की पैनगंगेपलीकडे पूर्वी निजामाचं राज्य होतं, म्हणजे सरहद्द आमच्याकडेही होती. सरदारजींनी मान डोलावली. पण आता तीच नदी ओलांडून लोक माहूरला दर्शनाला जातात. आमच्या सरहद्दीत तेवढा दम नव्हता, हे माझं मलाच कळलं.

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर सरदारजी आपल्या आजीचं सांगत होते. आजीचं लग्न आताच्या सरहद्दीच्या अलीकडच्या गावात झालं. माहेर थोड्याच कोसांवर. फाळणी झाली आणि माहेर पलीकडे गेलं. आईबाप काफिल्यातून चालत आले, एकुलता एक भाऊ वाटेत हरवला तो हरवलाच. तिच्या लग्नात त्यानं सासरच्या अंगणात शिसवीचं रोप लावलं होतं. आजी मरेपर्यंत दर राखीला त्या झाडाला राखी बांधत होती. साल वाढत गेली आणि धागे आत गेले. लहानपणी सरदारजींनी विचारलं, झाडाला का? तर म्हणाली, "पेड़ तो कहीं जाता नहीं, पुत्तर."

जावेनं पदर डोळ्यांना लावला. मी भिंतीशी ताट घेऊन उभीच होते, आणि मला संताप आला. ही गोष्ट माझी होती! ऐकण्याचा हक्क माझा होता, रडण्याचाही.

"तू कायले रडते?" मी भिंतीवरूनच बोलले. "तीन भाऊ जित्ते हायेत तुले."

जाऊ उठून भिंतीशी आली.

"बाप गेल्यावर वावरात हिस्सा मागतला मी," ती म्हणाली. "तवापासून एकही भाऊ बोलत नाही ताई. सोयाबीनचं मी तुमाले उगाच सांगतलं. मले कोणी बोलावलंच नव्हतं."

साड्या दाखवायचं तिनं केव्हा बंद केलं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला फुलकारीच दिसत होती.

"खरं सांगू?" ती पुढे म्हणाली. "दरसाल तुमी अंगणात ताट घेऊन येता, अन् मले हेवा वाटते. माहे तीनही येत नाही. तुमचा चंद्र तर येते."

लिंबाच्या शेंड्याआड कोर अजून होती. मी अजून ओवाळलं नव्हतं. काय वाटलं कोण जाणे, मी ताट भिंतीवरून तिच्या हाती दिलं. तिनं निरांजन सावरलं, चंद्राकडे तोंड केलं आणि सावकाश ओवाळू लागली.

आणि तेव्हाही माझ्या पोटात दुखलं. इतकी वर्षं मला नकोसा झालेला तो चंद्र पहिल्यांदा माझा वाटला, आणि मी तोही तिला देऊन बसले होते.